माऊस हाताच्या मापाचा हवा

"सावलीत बसून काम आहे, त्यात हाताला काय होतंय?"

हे वाक्य आपल्या वस्त्यांमधल्या घराघरांत ऐकू येतं. बोलणाऱ्याचा त्यात दोष नाही. ज्या आईने आयुष्यभर दुसऱ्यांची धुणीभांडी केली, ज्या बापाने नाक्यावर उभं राहून बिगारी केली किंवा डोंबिवली एमआयडीसीत रात्रपाळ्या काढल्या, त्यांना खुर्चीत बसून माऊस हलवणं कष्टाचं वाटणार कसं? पण तीच लेक रात्री दोन वाजता उठून हात झटकत बसते, चहाचा कप तिच्या हातून निसटतो, आणि ती कुणाला काही सांगत नाही. सांगितलं तर नोकरी जाईल ही भीती असते. घरात सांगितलं तर वरचं वाक्य ऐकावं लागतं.

या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही एका लहानशा वस्तूविषयी लिहीत आहोत, कॉम्प्युटरच्या माऊसविषयी. विषय किरकोळ वाटेल. पण ज्यांचं पोट या वस्तूवर आहे त्यांच्यासाठी तो किरकोळ नाही, आणि अशी मुलंमुली आता आपल्या वस्तीत कमी नाहीत.

कोपरचंच पाहा. सकाळच्या स्लो लोकलला उभी असलेली आपली तरुण पोरं कुठे जातात? कुणी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, कुणी महापे-रबाळ्याच्या कंपन्यांत, कुणी डोंबिवलीतल्याच आर्किटेक्टच्या ऑफिसात. दहावीनंतर आयटीआयमध्ये दोन वर्षं आरेखक स्थापत्य किंवा आरेखक यांत्रिकी हा ट्रेड करून ती ऑटोकॅडवर बसतात. काही जण डीटीपी शिकून फ्लेक्सच्या दुकानात कोरल ड्रॉवर डिझाइन करतात. कल्याण-शीळ रस्त्याला जे टॉवर उभे राहत आहेत, तसल्या टॉवरचे नकाशे कुणाच्या तरी हाताने रेघ रेघ करून काढलेले असतात. त्यात आपल्या मुलांचेही हात आहेत. कित्येक घरांत पहारीऐवजी माऊस धरणारी ही पहिलीच पिढी आहे. म्हणून हा हात सांभाळणं आम्हाला महत्त्वाचं वाटतं.

हाताला नेमकं काय होतं?

मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला हाडांचा एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वाकवणारे नऊ स्नायूबंध आणि एक मोठी नस जाते. ही नस अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाला संवेदना देते. बोगद्यातला दाब वाढला की नस दबते. मग याच बोटांना मुंग्या येतात, ती बधिर होतात, आणि हे रात्री जास्त होतं. हात झटकला की बरं वाटतं. डॉक्टर याला कार्पल टनेल म्हणतात. करंगळी बधिर होत असेल तर दबलेली नस वेगळी असते. ती बहुतेकदा कोपराशी किंवा मनगटाच्या कडेला दबते. अंगठ्याच्या मुळाशी कळ येत असेल तर तिथल्या स्नायूबंधाला सूज असते. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखत असेल तर मनगट वर उचलून धरणाऱ्या स्नायूंवर ताण आलेला असतो.

हे सगळं माऊसमुळेच होतं असं आम्ही म्हणणार नाही. कार्पल टनेल बायकांमध्ये जास्त दिसतो. गरोदरपण, थायरॉइड आणि मधुमेह असेल तर शक्यता वाढते. नसांचं दुखणं काय असतं हे आपल्या समाजाला वेगळं सांगायला नको. बाबासाहेबांनाही मधुमेह होता, आणि पायांच्या नसांच्या वेदना त्यांनी सोसल्या. ज्याची साखर वाढलेली आहे त्याच्या नसा आधीच नाजूक असतात, त्यावर रोजचे आठ-दहा तास माऊस म्हणजे दुहेरी भार.

ड्राफ्टिंगचं आणि डिझाइनचं काम साध्या टायपिंगपेक्षा हाताला जड जातं. टायपिंगमध्ये दोन्ही हात वाटून काम करतात, इथे एकच हात राबतो. रेघ नेमक्या बिंदूवर टेकवायची असते, म्हणून बोटं ताठ राहतात. वस्तू पकडून ओढायची तर बटण दाबून धरावं लागतं. ऑटोकॅडमध्ये नकाशा सरकवायला माऊसचं चाक दाबून धरतात, मोठा-लहान करायला तेच चाक फिरवतात. दिवसभरात हे किती वेळा होतं याची मोजदाद कुणी ठेवत नाही. मधल्या बोटाला मात्र ते संध्याकाळी कळतं.

माऊस घेताना काय पाहायचं?

पहिलं, माप. चप्पल घेताना आपण नंबर पाहतो, माऊस घेताना पाहत नाही. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात पट्टीने मोजा. ढोबळ हिशेब असा, की १७ सेंटिमीटरच्या आत असेल तर हात लहान, १७ ते १९ मध्यम, त्यापुढे मोठा. ऑफिसात मिळणारा माऊस सगळ्यांना सारखाच असतो. लहान हाताच्या मुलीला तो मोठा पडतो, मग ती बोटं ताणून काम करते. मोठ्या हाताच्या मुलाला लॉपटॉपसोबतचा चपटा, इवलासा माऊस दिला तर तो बोटांच्या चिमटीत धरतो आणि पंजा दिवसभर अधांतरी राहतो. बरोबर मापाचा माऊस धरला की तळवा त्याच्या पाठीवर टेकतो, बोटं किंचित वाकलेली राहतात, आणि करंगळी टेबलावर घासत नाही.

दुसरं, चाक. नकाशाचं काम करणाऱ्याने दुकानात माऊसचं चाक वीस वेळा दाबून पाहावं. ते कडक असेल तर माऊस कितीही देखणा असो, घेऊ नये. चाक दाबताना ते आपोआप फिरतही असेल तर नकाशा उड्या मारेल. डावं-उजवं बटण हलक्या दाबाने लागलं पाहिजे.

तिसरं, वजन आणि वायर. हलका माऊस बरा. बिनवायरच्या माऊसमध्ये बॅटरीचं वजन येतं, पण वायर ओढली जात नाही. वायरचा घेतलात तर वायर मऊ हवी, आणि टेबलाच्या कडेला अडकून ती हाताला मागे खेचत नाही ना ते पाहा. लाल-निळे दिवे लावलेल्या माऊसला जास्त पैसे देण्याचं कारण नाही. दिव्याने हाताला आराम मिळत नाही.

चौथं, उभा माऊस. हात मिळवताना पंजा जसा असतो तसा यावर राहतो, त्यामुळे हाताचा पुढचा भाग पिळला जात नाही. कोपराच्या खाली किंवा मनगटात दुखणाऱ्या काहींना याने आराम पडतो. पण यावर नेमकी रेघ मारायला सुरुवातीला जमत नाही. सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी तो हातात घेऊ नका, रोज तासभर वापरत वाढवत जा. डावखुऱ्यांनी लक्षात ठेवा, उभा माऊस एकाच हाताचा असतो. साधा, दोन्ही बाजूंनी सारखा माऊस डाव्या हातालाही चालतो, फक्त सेटिंगमध्ये बटणांची अदलाबदल करायची.

पाचवं, ट्रॅकबॉल. यात माऊस जागचा हलत नाही, वरचा चेंडू बोटाने फिरवायचा. टेबलावर जागा कमी असेल तर हा उपयोगी. पण अंगठ्याने फिरवायचा ट्रॅकबॉल अंगठा आधीच दुखणाऱ्याने घेऊ नये.

खरेदी शक्यतो हातात धरून करा. फोटो पाहून माप कळत नाही. डोंबिवलीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात विचारा, किंवा सुट्टीच्या दिवशी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा आणि लॅमिंग्टन रोडला चार दुकानं फिरा. दुकानदार कंटाळला तरी चालेल, पाच मिनिटं माऊस धरून बसा.

माऊस बदलला म्हणजे झालं का?

नाही. इथे आम्हाला स्पष्ट बोलायचं आहे, कारण 'आरामदायी' असं खोक्यावर छापून महाग माऊस विकणारे पुष्कळ आहेत. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांच्या मनगटातल्या त्या बोगद्याचा दाब मोजला होता. माऊसवर हात नुसता ठेवला तेव्हाच्या मानाने माऊसने वस्तू ओढताना दाब वाढला, पण माऊसचा प्रकार बदलल्याने फारसा फरक पडला नाही. २०१५ साली कार्पल टनेल झालेल्या रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. उभ्या माऊसने आणि खास पॅडने मनगटाची ठेवण बदलली, पण बोगद्यातला दाब कमी झाला नाही. याचा अर्थ उभा माऊस फुकट आहे असा नाही. हाताच्या स्नायूंना त्याने बरं वाटू शकतं. पण दबलेली नस माऊस विकत घेऊन मोकळी होत नाही. तिला हवी असते विश्रांती, आणि तीच आपल्या मुलांना मिळत नाही.

म्हणून हजाराचा माऊस घेण्याआधी बिनपैशाची कामं करा. पॉइंटरचा वेग मध्यम ठेवा. फार मंद असेल तर हात मैलभर फिरतो, फार जलद असेल तर बोटं आखडतात. ऑटोकॅडमध्ये रेघेसाठी एल, सरकवण्यासाठी एम, कॉपीसाठी सीओ अशा आज्ञा डाव्या हाताने टाइप करा, चिन्हं शोधत माऊस पळवू नका. कीबोर्डच्या उजव्या टोकाला आकड्यांची बटणं असतात, त्यामुळे माऊस अंगापासून दूर जातो आणि खांदा दुखतो. कीबोर्ड थोडा डावीकडे सरकवा, माऊस जवळ घ्या. मनगट टेबलाच्या धारेवर टेकवू नका. मनगटातून माऊस फिरवण्यापेक्षा कोपरातून अख्खा हात हलवा. अर्ध्या तासाने दोन मिनिटं हात मोकळा सोडा, बोटं पूर्ण उघडा, हळू मूठ वळा, पुन्हा उघडा.

आणि माऊस आवळून धरू नका. तथागतांनी सोण भिक्खूला वीणेच्या तारेचा दाखला दिला होता, हे आपण विहारात ऐकलेलं आहे. तार फार ताणली तरी सूर बिघडतो आणि ढिली सोडली तरी बिघडतो. माऊसवरच्या हातालाही तोच मध्यम मार्ग लागू आहे.

दहा बाय दहाच्या घरात टेबल-खुर्ची कुठून आणायची, असा प्रश्न येणारच. बरीच मुलं घरी आल्यावर लॉपटॉप मांडीवर किंवा गोधडीवर ठेवून जादा काम करतात. त्यांनी निदान एवढं करावं. भिंतीला पाठ टेकून बसा, पाठीमागे उशी घ्या. लॉपटॉप लोखंडी पेटीवर किंवा चौरंगावर ठेवा. वेगळा माऊस वापराच, बोटाने घासायच्या पॅडवर तासन् तास रेघा मारू नका. उजव्या बाजूला पाटाखाली वह्या-पुस्तकं रचून त्याची उंची बसल्या कोपराइतकी करा, आणि पाटावर परीक्षेचा जाड पुठ्ठा ठेवून त्यावर माऊस फिरवा. गोधडीवर माऊस अडखळतो आणि आपण नकळत जोर लावतो.

घरातल्यांना एक सांगणं आहे. ऑफिसातून आलेला मुलगा हात टेकून बसतो. त्याच कामावरून आलेली मुलगी कपडे पिळते, पाण्याचे हंडे उचलते, पीठ मळते. पिळणं, आवळणं, मळणं ही तिन्ही कामं दबलेल्या नसेला वाईट. तिच्या हाताला रात्रीची झोप सोडली तर विश्रांतीच नाही, आणि मुंग्यांमुळे ती झोपही मोडते. अशा घरात नवा माऊस आणण्याआधी भावाने आणि नवऱ्याने कपडे पिळायला घ्यावेत. आपण समतेवर भाषणं ऐकतो, तिचा पहिला धडा मोरीत गिरवायला हवा.

मालकाची जबाबदारी आणि आपलीही

माऊस मुलांनी पदरच्या पैशाने का घ्यावा? तो कामाचं हत्यार आहे. गवंड्याला थापी स्वतःची आणायला लावणारी जी रीत आहे, तीच आता काही ऑफिसांत एसी लावून चालू आहे. लाखोंचे प्लॉटर घेणाऱ्या मालकाला कामगाराच्या हाताच्या मापाचा माऊस जड नाही. आमचं मत असं, की तो मागावा, एकट्याने नाही तर चौघांनी मिळून, आणि लेखी मागावा.

त्याहून मोठा प्रश्न तासांचा आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ च्या कारखाना दुरुस्ती कायद्याने आठवड्याचे ५४ तास कमी होऊन ४८ झाले. आठ तासांचा दिवस ज्यांच्यामुळे आपल्याला मिळाला, त्यांच्याच लेकरांनी 'डेडलाइन आहे' म्हणून बारा-बारा तास फुकट बसायचं, हे आम्हाला मान्य नाही. कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या दुकानांत आणि ऑफिसांत जादा कामाला दुप्पट दराने पैसे द्यावे लागतात. आपले जादा तास वहीत लिहून ठेवा. पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि आस्थापना ईएसआयमध्ये येत असेल, तर पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. पगारपत्रक पाहा. पैसे कापले जात असतील तर ईएसआयचा दवाखाना तुमचा हक्क आहे.

१९४८ च्या कारखाना कायद्याला जोडलेल्या कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत शिशाची विषबाधा होती, सिलिकोसिस होता, पण माऊसने दुखावलेला हात नव्हता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१० च्या यादीत मात्र कार्पल टनेल आहे. आपल्या कामगार संघटनांनी ही मागणी हातात घ्यायला हवी.

आता आपल्या स्वतःच्या अंगणाकडे वळू. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात फ्लेक्सच्या दुकानात बसलेल्या पोराला विचारा, झोप किती मिळते. मंडळ बारा तारखेच्या रात्री येतं, चाळीस फोटो देतं, नाव राहिलं म्हणून पहाटे परत येतं. एकेक फोटो कापून बसवताना तो पोरगा हजारो क्लिक करतो. बाबासाहेबांच्या जयंतीच्या फ्लेक्ससाठी बाबासाहेबांच्याच समाजातल्या पोराचा हात सुजावा, यासारखं दुर्दैव नाही. जयंती मंडळांना आमची विनंती आहे, मजकूर आणि फोटो मार्चअखेर द्या, चाळीस चेहऱ्यांऐवजी चार ठेवा, आणि फ्लेक्सचे वाचलेले पैसे विहाराच्या अभ्यासिकेत घाला. तिथे एक चांगलं टेबल, उंची कमी-जास्त होणारी एक खुर्ची आणि लहान, मध्यम, मोठ्या मापाचे तीन माऊस ठेवता येतील. आयटीआयच्या मुलांना विकत घेण्याआधी ते वापरून पाहता येतील.

डॉक्टरकडे कधी जायचं?

बोटांच्या मुंग्या दोन-तीन आठवडे टिकल्या, रात्रीची झोप मोडू लागली, हातातून वस्तू निसटू लागल्या, तर थांबू नका. अंगठ्याखालची मांसल गादी दुसऱ्या हातापेक्षा सपाट दिसत असेल तर त्याच आठवड्यात जा. स्नायू वाळायला लागले की पूर्ण भरून येतीलच याची खात्री नसते. डोंबिवली पश्चिमेला महापालिकेचं शास्त्रीनगर रुग्णालय आहे, कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. नस तपासायची गरज पडली तर तिथून सायन किंवा केईएमला चिठ्ठी मागा. सोबत साखर आणि थायरॉइड तपासून घ्या. सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधूनही अनेकांना आराम पडतो.

मेडिकलमधून रोज वेदनाशामक गोळी घेऊन कामाला जाऊ नका. ती पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक आहे, आणि नस दबलेलीच राहते. हाड बसवणाऱ्याकडून मनगट ओढून घेऊ नका. शस्त्रक्रिया सांगितली तर घाबरू नका, ती लहान असते. पण दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला जरूर घ्या.

आणखी एका गोष्टीसाठी हे सगळं तातडीचं आहे. आपली मुलं दिवसभर माऊस धरून संध्याकाळी त्याच हाताने लोकलच्या दाराचा दांडा धरतात. दिवा, मुंब्रा, कोपर या पट्ट्यात गाडीतून पडून माणसं जातात, हे आपण सगळे जाणतो. बधिर हाताला पकड किती सैल झाली आहे हे कळत नाही. हाताला मुंग्या येत असतील तर दारात उभं राहू नका. एक गाडी सोडा, अर्धा तास उशिरा घरी या.

आजच्या रात्री एवढंच करा. घरात कॉम्प्युटरवर काम करणारं जे कुणी असेल, त्याला जवळ बसवा, दोन्ही पंजे शेजारी ठेवून पाहा, कुठली बोटं बधिर होतात ते विचारा. आणि पट्टी घेऊन हाताचं माप लिहून ठेवा. जय भीम.